तक्रारदाराचं नाव

"साहेब, एकच ओळ लिवन द्या," दिगंबर मोंडकर म्हणाला. "ही तक्रार दिगंबर मोंडकराची नाय. खाली तुमची सही आणि शिक्को. दुसरा काय मागणा नाय माझा."

"कसली तक्रार?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. दोनदा सांगूनही तो बसला नव्हता. जिल्ह्याच्या ऑफिसात यायचं म्हणून त्यानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, पण नखांच्या कडांतलं मशीनचं काळं तेल काही गेलं नव्हतं.

"तुमी आमच्या फॅक्टरीत इलात. फॅक्टरी बंद करून गेलात. तक्रारीशिवाय इलात?"

"तपासणी करणं आमचं कामच आहे. त्याला तक्रार लागत नाही."

"आमच्या बंदरात सरकारी माणूस बोलावल्याबिगर येणा नाय, साहेब. लहान पोरांकाव म्हायत आसा ता." त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "लोक म्हणतत मी केलंय. माझ्या दारासमोरसून जाताना थुकतत. शेठनं कामावरसून काढल्यान. मी केलंय काय?"

"तुमचं तुम्हाला ठाऊक असणार."

"माका ठावक आसा. तुमकाव ठावक आसा. लोकांका नाय."

मी त्याला समजावून सांगितलं. तक्रार कोणाची, हे कारखाने निरीक्षकानं कोणालाही सांगायचं नसतं. इतकंच नव्हे, तक्रार आली होती की नव्हती, हेही मालकाला कळू द्यायचं नसतं. कायद्यात तसं कलमच आहे. आज मी लिहून दिलं की तक्रार मोंडकरांची नाही, तर उद्या शेठ दुसऱ्याला पाठवील, परवा तिसऱ्याला. ज्याला कागद मिळणार नाही, तोच तक्रारदार ठरेल.

"मगे साठ जणांका साठ कागद देवा. जेका मिळाचा नाय, तेचा तो बघून घेईत."

"तसं करता येत नाही, मोंडकर."

"माझा काय चुकला, ता तरी सांगा."

मी समोरचे कागद सारखे केले. तो दार न लावता निघून गेला. मी उठून दार लावलं, लोखंडी कपाट उघडलं आणि 'गोपनीय' लिहिलेल्या पाकिटातून ते पत्र पुन्हा बाहेर काढलं. खाली, वहीत गिरवल्यासारख्या गोल अक्षरात सही होती: आपली विश्वासू, सौ. प्रमिला दिगंबर मोंडकर.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि नोकरीला तीन वर्षं झाली होती. मूळचा मी फलटणकडचा, समुद्र नोकरीमुळेच पाहिलेला. बंदराचं खरं नाव इथे देत नाही, सावखोल म्हणू. तिथे रेडकर शेठची बर्फाची फॅक्टरी होती आणि तिला लागूनच कोळंबी सोलायची लांब पत्र्याची शेड. बर्फ करायला अमोनिया वायू लागतो. तो लोखंडी टाकीत दाबून ठेवलेला असतो. तो बाहेर सुटला तर माणूस गुदमरतो, डोळे जातात. दिगंबर त्या मशीनवर नऊ वर्षं ऑपरेटर होता. त्याची बायको शेडमध्ये कोळंबी सोलायची.

पत्रात तिनं लिहिलं होतं की टाकीमागच्या खालच्या व्हॉल्व्हमधून गॅस गळतो. शेठला सांगितलं तर ते सुतळी गुंडाळायला लावतात. मागच्या महिन्यात दोन बायका चक्कर येऊन पडल्या. कोळंबी चोरीला जाते म्हणून शेडच्या मागच्या दाराला साखळी घालून कुलूप लावतात. काही झालं तर चाळीस बायकांनी बाहेर कुठून पडायचं? शेवटी लिहिलं होतं, 'जो माणूस त्या मशीनपाशी बारा तास असतो त्याला घरी आल्यावर पहाटेपर्यंत खोकला सुटत नाही. माझं नाव कुठेही येऊ देऊ नये ही हात जोडून विनंती.' तो माणूस आपला नवरा आहे, असं तिनं लिहिलं नव्हतं.

तक्रारीवरून तपासणीला जायचं तर कसं जायचं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. आधी रजिस्टरं मागायची, प्रथमोपचाराची पेटी बघायची, संडास बघायचे, पिण्याचं पाणी बघायचं, आणि फिरत फिरत मूळ जागेपाशी पोचायचं. मी तसं केलं नाही. त्या दोन बायका चक्कर येऊन पडल्याचं डोक्यात बसलं होतं. जीपमधून उतरलो तो थेट टाकीच्या मागे गेलो, वाकलो, गोणपाट बाजूला केलं आणि सुतळी गुंडाळलेला व्हॉल्व्ह शेठला दाखवला. डोळ्यांतून घळघळा पाणी येत होतं.  शेठनं फक्त मान वळवून मशीनपाशी उभ्या असलेल्या दिगंबरकडे पाहिलं. तो व्हॉल्व्ह गळतो, हे त्या दोघांखेरीज कोणाला माहीत नाही, अशी शेठची समजूत होती.

मी आदेश काढला. व्हॉल्व्ह बदला, गॅस गळला की वाजणारी घंटा बसवा, दार मोकळं करा, तोवर फॅक्टरी बंद. माझ्या हिशेबानं आठवड्याचं काम होतं. पण भाग मुंबईहून यायचा होता आणि शेठलाही घाई नव्हती. तीन आठवडे गेले. बंदरात बर्फ नाही म्हणून होड्यांमधली मासळी सडली, खड्डे खणून पुरावी लागली. साठ जण घरी बसले. मासळी उन्हात कुजायला लागल्यावर बंदराचा राग कोणावर तरी निघणारच होता, आणि तो कोणावर काढायचा, हे शेठनं दाखवून दिलं होतं.

दिगंबर येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रमिला आली. मी तिला त्याआधी शेडमध्ये चाळीस बायकांत पाहिली असेन, पण ओळखलं नव्हतं. बारीक अंगाची, तिशीची. सातवीपर्यंत शिकलेली होती आणि माझ्याशी बोलताना मुद्दाम शाळेतलं मराठी बोलत होती.

"साहेब, ते पत्र मला परत हवं आहे."

"ते आता सरकारी कागद झालं, बाई. त्याच्यावर आवक नंबर पडलाय."

"मग फाडून टाका."

"तेही करता येत नाही."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "सोमवारी त्यांना रवळनाथाच्या देवळात उभं करणार आहेत. नारळावर हात ठेवून शपथ घे, असं शेठचं म्हणणं आहे. ते घेतील. का नाही घेणार? त्यांना खरंच काही माहीत नाही. पण ती शपथ एकट्याची नसते, साहेब. मी नाही आणि माझ्या घरातलं कोणी नाही, असं म्हणायचं असतं. आणि आमच्या स्वप्नालीच्या डोक्यावर दुसरा हात ठेवायचा आहे."

"तुम्ही त्यांना सांगू शकता. कायद्यानं मला बांधलंय, तुम्हाला नाही."

"सांगितलं तर ते शपथ घ्यायचे नाहीत. खोटं त्यांच्या तोंडातून निघतच नाही. शेठनं विचारलं की मान खाली घालतील, आणि मग सगळ्यांना कळेल." ती थांबली. "ते मशीनपाशी मरतील म्हणून लिहिलं मी. घरी कितीदा सांगितलं, सोडा ती नोकरी. ते म्हणायचे, गळतंय ते माझं मी बघतो, तू बोलू नको कुठे. मी काय करू, साहेब? तुम्ही शिकलेले आहात."

हा प्रश्न तिनं मला खरोखर विचारला होता, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. तरीही मी दिलं.

"गप्प राहा," मी म्हणालो. "व्हॉल्व्ह येत्या आठवड्यात बसेल, फॅक्टरी सुरू होईल, लोक कामाला लागतील आणि विसरतील. त्यांना कामावरून काढलं त्याबद्दल मी शेठशी बोलतो. शपथेनं कोणाचं काही होत नसतं."

"तुम्ही म्हणता म्हणून," ती म्हणाली.

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"आनंदीला. आनंदी सारंग. शेडमध्ये माझ्या शेजारी बसते. तालुक्याला जाऊन पोस्टात तिनंच टाकलं. आम्ही लहानपणापासूनच्या. तिचा जीव गेला तरी ती बोलायची नाही."

"मग आपण तिघंच."

"आणि तुम्ही तर सरकारच," असं म्हणून ती पहिल्यांदा थोडी हसली.

शेठशी मी फोनवर बोललो. तो गोड आवाजात म्हणाला की ऑपरेटर ठेवणं न ठेवणं हा त्याचा आणि कामगाराचा प्रश्न आहे, आणि निरीक्षकसाहेबांना ह्याच एका कामगाराची एवढी काळजी का वाटावी? मी फोन खाली ठेवला. आणखी बोललो असतो तर दिगंबरवरचा संशय पक्काच झाला असता.

सोमवारी शपथ झाली. दिगंबरनं देवळात, भरल्या सभेत, एक हात नारळावर आणि एक हात सात वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवून सांगितलं की तक्रार त्यानं केली नाही आणि त्याच्या घरातल्या कोणी केली नाही. प्रमिला बायकांच्या घोळक्यात उभी होती. ती गप्प राहिली. माझ्या सांगण्यावरून.

त्याचा काही उपयोग झाला नाही. बुधवारी दिगंबर पुन्हा माझ्या ऑफिसात आला. ह्या वेळी दाढी वाढलेली होती आणि शर्ट तोच, चुरगळलेला. तो आपणहून खुर्चीवर बसला.

"शेठ म्हणता, शपथ मानली. पण मगे कोणी केल्यान ता शोधून हाड. नाव घेवन ये आणि कामार लाग." बराच वेळ तो खोकत राहिला. "चार दिवस झाले, शेजारची पोरा माझ्या चेडवाक खेळूक घेणत नाय. ती दारात बसान रवता. माका इचारता, बाबा, आमी काय केलाव? काय सांगू?"

मी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. त्यानं तो घेतला नाही.

"जेनी लिवल्यान ना, साहेब, तेच्या घरात दिवो लावूक कोण रवाचा नाय. तेची बायल, तेची पोरा..."

तो बराच वेळ असं बोलत होता. मग उठला आणि गेला.

पुढच्या सोमवारी फेरतपासणीला गेलो. फॅक्टरी सुरू झाली होती. नवा व्हॉल्व्ह बसला होता, घंटा बसली होती, शेडचं मागचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून समुद्राचा वारा येत होता. मला आठवतं, मी त्या दारात उभा राहून तपासणीच्या फॉर्मवर सगळ्या रकान्यांत 'समाधानकारक' असं लिहिलं. मशीनवर दिगंबर होता. नवी निळी डांगरी घातलेली, दाढी केलेली.

शेडमध्ये बायकांच्या रांगेत एक जागा रिकामी होती. तिच्या शेजारी बसलेली बाई मान वर करत नव्हती. तिच्या हातातली कोळंबी तशीच होती, सोलायची थांबलेली. ती आनंदी असणार, असं मला वाटलं.

जीपपर्यंत दिगंबर सोबत आला. शेठ मागे थांबला होता.

"कामावर घेतलं का?" मी विचारलं.

"घेतल्यान."

"घरी सगळं बरं?"

 जीपचं दार त्यानंच उघडलं. मी आत बसल्यावर खाली वाकून हळूच म्हणाला, "तुमी निर्धास्त रवा, साहेब. मी कोणाचा नाव घेवचंय नाय."

मी मान हलवली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

तीन दिवसांनी प्रमिला आली. हातात कापडी पिशवी होती, पायात चपला नव्हत्या. ह्या वेळी ती शाळेतलं मराठी बोलली नाही.

"तेंका कळला," ती म्हणाली. "गेल्या बुधवारी सांजेक घराक इले ते थेट माझ्यासमोर बसले. म्हणाले, तू लिवलंस? मी व्हय म्हटलंय. खोटा कशाक बोलू? तेनी हात उगारल्यान नाय, शिवी दिल्यान नाय. फकस्त म्हणाले, तू थय उभी रवान बघलंस. मी पोरीच्या डोक्यार हात ठेवन खोटा बोललंय, आणि तू बघलंस."

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला शेठच्या अंगणात नेलं होतं. बंदरातले लोक जमले होते. दिगंबरनं सगळ्यांसमोर सांगितलं की तक्रार माझ्या घरातूनच गेली, मला ठाऊक नव्हतं, ज्या बाईनं केली तिला मी आज घराबाहेर काढतो. शेठनं तिथल्या तिथे त्याला कामावर घेतलं. तिला भावाकडे पाठवलं. पोरगी नवऱ्यानं ठेवून घेतली.

"तिका शिवूक देणत नाय माका. म्हणतत, ती जगता की मरता ता बघूचा आसा अजून. देवाची शपथ आसा तिच्या डोक्यार." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "मी इचारलंय तेंका, कोणी सांगल्यान? पाया पडलंय. सांगणत नाय. जीव गेलो तरी तेचा नाव घेवचंय नाय म्हणतत."

मग तिनं पिशवी खाली ठेवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"मी एकच इचारूक इलंय, साहेब. तुमी सांगलात?"

"नाही," मी म्हणालो.

"माका राग येवचो नाय. फकस्त खरा सांगा."

"बाई, कायद्यानं मला ते नाव उच्चारताच येत नाही. माझी नोकरी जाईल. मी कसं सांगेन?"

 माझं बोलणं तिला पटत होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सरकारी माणूस, कायद्यानं बांधलेला. तो कसा सांगेल?

"मगे आनंदी," ती म्हणाली. स्वतःशीच म्हणाली. "आनंदीच. तिसरा कोण नाय."

मी तिथे बसलो होतो. टेबलाच्या ह्या बाजूला, तिच्यापासून दोन हातांवर. नाही, आनंदी नव्हे, एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. तिनं पिशवी उचलली, मला नमस्कार केला आणि गेली.

त्या बुधवारी दिगंबर बोलता बोलता उठला आणि गेला, असं मी वर लिहिलं. तसं नव्हतं. त्यामध्ये एक वाक्य होतं आणि ते माझं होतं.

तो तिला शाप देत होता. आपण कोणाला शाप देतोय, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिच्या घरात दिवा लावायला कोणी उरणार नाही, तिची पोरं अन्नाला महाग होतील. ते त्याचंच घर होतं, त्याचीच पोरगी होती. मला ते ऐकवेना. मी म्हणालो, "असं बोलू नका, मोंडकर. वाईट हेतूनं नाही लिहिलं तिनं."

तिनं. एवढंच.

तो बोलायचा थांबला. मी लगेच म्हणालो, "म्हणजे, तक्रारदारानं. ज्यानं कोणी केली असेल त्यानं." पण तो आता माझ्याकडे बघतच नव्हता. टेबलावरच्या त्याच्या हाताची बोटं एकेक करून मिटत होती, काहीतरी मोजत असल्यासारखी. टाकीमागचा तो व्हॉल्व्ह गळतो, हे त्याला आणि शेठला माहीत होतं. आणि त्यानं जेवताना घरी सांगितलं होतं. तेवढ्या माहीतगारांत बाई एकच होती. तो उठला. दाराशी जाऊन वळला आणि म्हणाला, "उपकार झाले, साहेब." त्याला वाटलं, मी दया येऊन मुद्दाम सांगितलं. म्हणूनच त्यानं माझं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. बायको पाया पडली तरी घेतलं नाही.

तिनं विचारलं तेव्हा मला काय वाटलं होतं, तेही सांगायला हवं. मला भीती वाटली होती. चौकशी लागेल, निलंबन होईल, आणि माझं नुकतंच लग्न झालं होतं. तिचं नाव झाकायला केलेलं ते कलम मी माझ्या अंगावर ओढून घेतलं. सहा महिन्यांनी मी बदली मागून घेतली.

त्यानंतर एकोणतीस वर्षं मी नोकरी केली. चांगली केली, असं लोक म्हणतात. अनेक तक्रारी आल्या. बोलताना मी कधीही 'तो' म्हणालो नाही की 'ती' म्हणालो नाही. निवृत्त झाल्यावर वर्षभरानं, बायकोला गोव्याला सोडून परत येताना, मी सावखोलला उतरलो. ठरवून नाही, असं स्वतःला सांगत.

फॅक्टरी बंद पडलेली होती. पत्रे उडालेले. आनंदी सारंगचं घर एका माणसानं दाखवलं. दाखवताना तो म्हणाला, "ती होय? जिनं मैत्रिणीचा संसार मोडला, ती?"

ती अंगणात सुके बांगडे निवडत बसली होती. केस पूर्ण पांढरे. मी ओळख सांगितली. तिनं डोळे बारीक करून बघितलं आणि पाट पुढे सरकवला.

"प्रमिला कुठे असते?" मी विचारलं.

"खय असतली? गेली. अकरा वर्षां झाली." ती बांगडे निवडतच होती. "भावाकडे दोन वर्षां रवली, मगे वेंगुर्ल्याक काजूच्या कारखान्यात. एकटीच. पोट दुखता पोट दुखता म्हणान डाक्टराक दाखवल्यान तवा उशीर झाल्लो. माका कळला, मी गेलंय. तिणा भिंतीकडे तोंड केल्यान. तीन दिवस मी थय होतंय, साहेब. तिणा माझ्या हातचा पाणी घेतल्यान नाय. मी म्हटलंय, बाय गे, मी सांगूक नाय, रवळनाथाची आण. ती म्हणाली, मगे कोण? सायबानं तर सांगल्यान नाय, मी तेंका इचारलंय."

मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं. 'तिनं' हा शब्द, दिगंबरचं ते 'उपकार झाले', आणि प्रमिलाला मी खोटं कसं बोललो ते. बोलताना मी एकदाही थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं.

आनंदीचे हात थांबले.  एक मांजर बांगड्यांपाशी आलं, ते तिनं हाकललं नाही.

"हा तिका सांगूचा होता," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"अकरा वर्षांपयलीसुद्धा चलला असता. त्या तीन दिवसांतसुद्धा."

"हो."

"अजून कोणाक सांगलात?"

"नाही. पण आता सांगतो. तुम्ही म्हणाल तिथे सांगतो. देवळात सांगतो. दिगंबर आहे ना अजून?"

"आसा. एका कानान ऐकाक येणा नाय तेका. स्वप्नाली मे म्हयन्यात पोरा घेवन येता, बापाक न्हाणता, जेवक घालता." तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि काढलं. "ती माझ्याशी बोलणा नाय. रस्त्यात गाठ पडली तर पोरांका दुसऱ्या बाजूक घेता. तिका वाटता, आईक माझ्यामुळा मरण इला. तुमी सांगलात तर तिका काय कळतला? की बापाक सगळा ठावक होता. आई पाया पडत होती तरी तेनी एक नाव सांगल्यान नाय, आणि आई चुकीच्या माणसाक धरून मेली. तिका आता एक बापूसच उरलो आसा, साहेब. तो कशाक काढून घेतास?"

"पण तुमच्यावरचा आळ..."

"तीस वर्षां वागवलंय. अजून किती रवली?" तिनं पुन्हा बांगडे निवडायला घेतले. "माझ्याच नावार रवांदे ता. तुमी जावा. पाचची एस्टी आसा."

कोणाला सांगणार नाही, असं तिनं माझ्याकडून वदवून घेतलं. ती मागच्या वर्षी गेली, दिगंबर तिच्या आधी, म्हणून आज लिहितो आहे. पण त्या दिवशी तिच्या अंगणात मी हो म्हणालो. आणि खरं सांगायचं तर, तेव्हाही मला सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं.